जेम्स लेमेन : शेतकरी, उपदेशक व त्यांचे घराणे

शास्त्रपाठ : यहोशवा २४:१४–१५, प्रेषितांची कृत्ये २०:३३–३५, फिलेमोनास पत्र.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील उपदेशकांची सभा भरली असता एका वयोवृद्ध बंधूंनी उठून प्रश्न केला. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी सहा दिवस नांगरामागे चालतो आणि सातव्या दिवशी मंडळीपुढे उभा राहतो. माझ्या हातांस शेणामातीचा वास असतो. मजसारख्याचा उपदेश लोकांनी मनावर का घ्यावा?" मी त्यांस आमोस संदेष्ट्याचे उदाहरण देऊन बसविले. परंतु घरी परत येताना माझे मन मला खाऊ लागले. त्या बंधूंस समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही झाले नव्हते. आमोस फार दूरच्या काळचा. अलीकडच्या काळात ज्याने शेत कसले, लेकरे वाढविली व मंडळीही उभारली, असा कोणी दाखविता येईल काय, याचा विचार करीत असता जेम्स लेमेन यांचे चरित्र मजपुढे आले. तेच आजच्या पाठाचा विषय होय.

१. जन्म, विवाह व स्थलांतर

जेम्स लेमेन यांचा जन्म ता. २० नोव्हेंबर १७६० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात हार्पर्स फेरीच्या आसपासच्या मुलखात झाला. त्या काळी तो प्रांत इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. तेथे तंबाखूची मोठमोठी लागवड होत असे आणि ती पुष्कळ अंशी गुलामांच्या श्रमावर चाले. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे व त्यांची मुलेबाळे गुराढोरांप्रमाणे विकली जात, वारसाहक्काने वाटली जात, कर्जापायी गहाण पडत. ख्रिस्ती म्हणविणारे लोकच हा व्यवहार करीत. लेमेन लहानपणापासून हे पाहत वाढले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण जे आपण बाळपणापासून पाहतो ते आपणांस बहुधा पाप वाटेनासे होते.

तरुणपणी ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शिपाई म्हणून लढले. सन १७८२ साली त्यांनी कॅप्टन जोसेफ ओगल यांची कन्या कॅथरीन इजबरोबर विवाह केला. चार वर्षांनी, म्हणजे सन १७८६ साली, हे जोडपे आपल्या दोन लहान मुलांस घेऊन पश्चिमेकडे निघाले. त्यांचे सासरे आधीच तिकडे गेले होते. जावयाचे होते मिसिसिपी नदीच्या काठच्या इलिनॉय मुलखात. तेथे कॅस्कॅस्किया व काहोकिया अशी फ्रेंच लोकांची जुनी गावे होती.

प्रवास ओहायो नदीतून चपट्या तळाच्या नावेने होता. दुसऱ्याच रात्री संकट ओढवले. नाव काठाला बांधून मंडळी निजली असता नदीचे पाणी उतरले, नाव पाण्यातील एका खुंटावर अडकली, कलंडली व बुडाली. शिधासामग्री व सामानसुमान वाहून गेले. थोरला मुलगा रॉबर्ट तीन वर्षांचा होता. तो ज्या बिछान्यावर निजला होता तो बिछाना त्याच्यासकट पाण्यावर तरंगत चालला. बापाने त्याचा कोपरा धरून मुलास ओढून घेतले. पदरी काही उरले नाही. परंतु लेमेन माघारी फिरले नाहीत. बायकामुलांस घेऊन ते त्याच वर्षी कॅस्कॅस्कियास पोहोचले.

पुढे दोन फ्रेंच गावांमधील रस्त्यावर, आजच्या मन्रो परगण्यात, त्यांनी घर बांधले. या वस्तीस न्यू डिझाइन, म्हणजे 'नवी योजना', असे नाव पडले. तेथे जंगल तोडणे, लाकडाचे ओंडके रचून घर उभारणे, मका व गहू पेरणे, सर्वच नव्याने करावयाचे होते. आपल्याकडे पडीक रानात नवी जमीन तोडणाऱ्यास हे कष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. तो मुलूख कोणाचाच नव्हता असे नाही. किकापू व इतर मूळ रहिवासी तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार व शेती करीत होते, आणि गोऱ्या लोकांच्या वस्त्या वाढू लागताच त्यांची भूमी त्यांच्या हातून जाऊ लागली. त्यावरून रक्तपात झाला. सन १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह होईपर्यंत या वस्तीतील लोक रात्री लाकडी गढीच्या आश्रयास जात. चांगल्या माणसाच्या चरित्रातही त्याच्या काळाचा अन्याय मिसळलेला असतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे.

२. प्रार्थनेवाचून सभा

न्यू डिझाइन येथे प्रथम ना उपदेशक होता ना प्रार्थनामंदिर. तथापि तेथील लोक रविवारी एकत्र जमत. कोणी पवित्र शास्त्राचा अध्याय वाची, कोणी छापील उपदेश वाची, सर्व मिळून गीते गात. मात्र प्रार्थना कोणी करीत नसे. कारण आपण ख्रिस्ताचे शिष्य आहो असे उघड म्हणण्याइतकी कोणाचीच तयारी नव्हती. ही गोष्ट वाचून मला आश्चर्य वाटले, व त्या लोकांविषयी आदरही वाटला. आपल्या सभांत प्रार्थना पुष्कळ असतात, परंतु आपण कोणाशी बोलत आहो याचे भान पुष्कळदा नसते. जे मनात नाही ते ओठांवर आणावयाचे नाही, एवढा प्रामाणिकपणा तरी त्या लोकांत होता.

सन १७८७ साली केंटकी प्रांतातून जेम्स स्मिथ नावाचे बाप्टिस्ट उपदेशक तेथे आले. त्यांच्या उपदेशाने कित्येकांची मने विदीर्ण झाली. लेमेन व त्यांचे सासरे ओगल त्यांपैकीच होत. सन १७९० साली स्मिथ पुन्हा आले असता वाटेत किकापू लोकांनी त्यांस पकडून नेले. त्यांच्याबरोबर असलेली एक बाई त्या प्रसंगी मारली गेली. न्यू डिझाइनच्या शेतकऱ्यांनी १७० डॉलर जमवून आपल्या उपदेशकाची सुटका करविली. ज्या वस्तीत रोकड फार थोडी दिसे, तेथे ही रक्कम लहान नव्हती. शुभवर्तमान आणणाऱ्यास सोडविण्यासाठी त्यांनी खिसे रिकामे केले. माणसाची किंमत पैशात करून त्यास बंधनात ठेवणारे लोक आजूबाजूस असता, या लोकांनी पैसे देऊन माणसास बंधनातून सोडविले. पुढील हकीकत वाचताना हा प्रसंग आठवावा.

३. बर्फाखालचे पाणी

सन १७९४ च्या फेब्रुवारी महिन्यात केंटकीहून जोसाया डॉज नावाचे बाप्टिस्ट पाळक तेथे आले. थंडी इतकी होती की फाउंटन नावाच्या ओढ्याचे पाणी गोठले होते. बर्फ फोडून वाट केली गेली, आणि त्या पाण्यात चार जणांचा बाप्तिस्मा झाला : जेम्स लेमेन, त्यांची पत्नी कॅथरीनबाई, जॉन गिबन्स व आयझॅक इनोक्स. इलिनॉयच्या भूमीवर पाण्यात बुडवून दिलेला हा पहिला बाप्तिस्मा मानतात. नवरा व बायको एकाच दिवशी, एकाच ओढ्यात उतरली, हे विशेष होय. घरातील एक जण पाण्यात उतरतो आणि दुसरा काठावर उभा राहतो, तेव्हा त्या घराची पुढे काय ओढाताण होते, हे आपल्या मंडळ्यांस ठाऊकच आहे.

याच सुमारास, म्हणजे सन १७९३ च्या नोव्हेंबरात, दुसरे एक बाप्टिस्ट सेवक विल्यम केरी बंगालच्या किनाऱ्यास लागले होते. त्यांनी सन १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, हे पुष्कळांस माहीत असेल. केरी पूर्वी चांभारकाम करीत. एक चांभार पूर्वेकडे आणि एक शेतकरी पश्चिमेकडे : देवाने आपल्या कामासाठी त्या पिढीत कोणते हात निवडले ते पाहा.

सन १७९६ साली डेव्हिड बॅजली यांच्या हस्ते न्यू डिझाइन येथे २८ सभासदांची मंडळी स्थापन झाली. इलिनॉयमधील ही पहिली बाप्टिस्ट मंडळी होय. सासरे ओगल मात्र मेथडिस्ट झाले होते व तिकडील पहिल्या मेथडिस्ट वर्गाचे पुढारी होते. सासरा एका पंथाचा, जावई दुसऱ्या पंथाचा. पाण्याविषयी मते निराळी, प्रभू मात्र एक.

पुढच्याच वर्षी, सन १७९७ साली, व्हर्जिनियाहून सव्वाशेहून अधिक लोकांचा एक तांडा थकून भागून न्यू डिझाइन येथे येऊन पोहोचला. आधीच्या रहिवाशांची घरे लहान, धान्य बेताचे. त्यातच तापाची साथ आली व त्या नवागतांपैकी निम्म्याच्या आसपास लोक मरण पावले. मंडळीच्या स्थापनेचा आनंद अजून ताजा होता, तोच कबरी खणण्याचे काम पुढे आले. नव्या मंडळीची खरी परीक्षा गीतांत होत नाही. ती अशा वेळी होते.

लेमेन यांस उपदेश करण्याची परवानगी सन १८०८ च्या सुमारास मिळाली व नंतर हस्तारोपणाने दीक्षा झाली. म्हणजे तोपर्यंत त्यांचे वय पंचेचाळिशीच्या पलीकडे गेले होते, आणि त्या भूमीत नांगर धरून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ते लोकांचे न्यायपंचही होते. सेमिनरीचे शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. त्या सीमाप्रांतातील बाप्टिस्ट उपदेशकांस बहुधा वेतन नसे. शेत पिकवावे, त्यावर लेकरेबाळे पोसावी आणि घोड्यावर बसून दूरच्या वस्तीस उपदेशास जावे, अशी रीत होती.

४. कागदावरची खूण

आता आपण या चरित्राच्या गाभ्याकडे येऊ. सन १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलखात गुलामगिरी मना केली होती. कागदावर पाहिले तर इलिनॉय हा मुक्त देश होता. परंतु वस्तुस्थिती निराळी होती. फ्रेंच रहिवाशांकडे पूर्वीपासून असलेल्या गुलामांस हा कायदा लागू नाही असे ठरविले गेले. आणि दक्षिणेकडून येणाऱ्या नव्या लोकांनी दुसरी युक्ती काढली.

सन १८०५ च्या व त्यानंतरच्या प्रांतिक कायद्याने अशी मुभा दिली की, धन्याने आपल्या गुलामास या मुलखात आणून अधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि 'मी अमुक वर्षे सेवा करण्यास राजी आहे' असा करार त्याच्याकडून करून घ्यावा. गुलामाने नाही म्हटले तर धन्याने त्यास ठरलेल्या दिवसांच्या आत पुन्हा गुलामगिरीच्या प्रांतात न्यावे. अशा स्थितीत 'राजी आहे' या शब्दांस काय अर्थ? लिहितावाचता न येणारा माणूस कागदावर खूण करी आणि आपले उरलेले आयुष्य लिहून देई. कारण कराराची मुदत कित्येकदा माणसाच्या आयुष्याहून लांब असे. १५ वर्षांखालील मुलांस तर विचारण्याचेही कारण नव्हते. मुलग्याने ३५ व्या वर्षापर्यंत आणि मुलीने ३२ व्या वर्षापर्यंत राबावे असा नेम होता.

वाचकहो, सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या बापाजाद्यांच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. कायदा जे दारातून बाहेर घालवितो ते कागद खिडकीतून आत आणतो. लेमेन यांच्या काळी हेच झाले, आणि या कागदांचे धनी रविवारी मंडळीत येऊन बसत. तेथेच खरा प्रश्न उत्पन्न झाला. जो माझ्याबरोबर प्रभुभोजनास बसतो त्याने आपल्या घरी माणूस विकत घेऊन ठेवला असेल, तर मी काय करावे?

मोशेच्या नियमशास्त्रात माणूस चोरून विकणाऱ्यास देहदंड सांगितला आहे (निर्गम २१:१६). पौलाने अथेनैकरांस सांगितले की, देवाने मनुष्यांची सर्व राष्ट्रे एकापासून केली (प्रे. कृत्ये १७:२६). आणि पळून गेलेल्या अनेसिमास माघारी पाठविताना त्याने फिलेमोनास विनविले की, यास आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून जवळ कर. ही वचने तेव्हाही पवित्र शास्त्रात होतीच. उणीव वचनांची नव्हती, ती मोठ्याने वाचणाऱ्याची होती.

५. सन १८०९

सन १८०९ साली रिचलँड क्रीक येथील मंडळीत लेमेन उभे राहिले व त्यांनी गुलामगिरीविरुद्ध उपदेश केला. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. गुलामगिरीस आश्रय देणाऱ्या मंडळ्यांशी आपण यापुढे सहभागिता राखू शकत नाही, असे त्यांनी उघड सांगितले. बाप्टिस्ट मंडळ्यांचा तेथील संघ स्थापन होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याच्या उभारणीस ज्यांचे हात लागले होते त्यांत लेमेन घराणे होते. तोच संघ आता या प्रश्नावरून फुटला.

विरोध करणारे सारेच गुलामांचे धनी होते असे समजू नये. काहींस गुलामगिरी चांगली वाटे. परंतु काहींस ती आवडत नसूनही या कारणावरून मंडळी मोडू नये, प्रेमाने व सबुरीने घ्यावे, असे वाटत होते. हे दुसरे म्हणणे ऐकावयास गोड आहे. मी पाळक आहे आणि मंडळीतील फुटीचे दुःख जाणतो. म्हणून त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. परंतु त्यांस एक प्रश्न विचारावासा वाटतो : ही सबुरी कोणाच्या पाठीवर चालली होती? ज्यांच्याविषयी वाद होता त्या काळ्या माणसांस कोणी विचारले होते काय? धनी व त्याचा मित्र यांच्यात शांती राहावी म्हणून तिसऱ्याने बंधनात राहावे, ही शांती ख्रिस्ताची नव्हे.

त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात कॅन्टीन नावाच्या ओढ्याकाठी, आजच्या कॉलिन्सव्हिल गावाजवळ, एक नवी मंडळी स्थापन झाली. तीस पुढे बेथेल हे नाव मिळाले. आपल्या पंथास त्यांनी 'मानवजातीचे मित्र' असे म्हटले. केंटकीत कार्टर टॅरंट व डेव्हिड बॅरो या बाप्टिस्ट सेवकांनी दोन वर्षांपूर्वी याच नावाने मंडळ्या जमविल्या होत्या. गुलाम बाळगणाऱ्यास सभासद करावयाचे नाही, हा त्यांचा मुख्य नियम होय. ठरलेल्या वयास मुक्त करण्याचे लिहून दिलेली लहान मुले, किंवा स्वतःचे पोट भरण्यास असमर्थ झालेले वृद्ध, अशांच्या बाबतीत मात्र ते विचारपूर्वक अपवाद करीत.

बेथेल मंडळीचे पहिले सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांतील बहुतेक लेमेन घराण्यातलेच : पुत्र व सुना. लोक हसले असतील. 'मंडळी कसली, हे तर एक कुटुंब!' असे कोणी म्हटले असल्यास नवल नाही. आणि हा धोका खरा आहे. रुसून बाहेर पडून आपल्याच भाऊबंदांची वेगळी मंडळी थाटणारे पुष्कळ असतात. त्यांस लेमेन यांच्या नावाचा आधार घेता येणार नाही. लेमेन मानासाठी, जागेसाठी किंवा देणगीच्या हिशेबासाठी निघाले नाहीत. ज्यास सभेत बोलता येत नव्हते त्याच्यासाठी ते निघाले. फूट कोणाच्या हितासाठी झाली, हे पाहिले म्हणजे ती रुसव्याची की विवेकाची, हे कळून येते.

आणखी एक गोष्ट मला येथे दिसते. संघ त्यांस वेतन देत नव्हता. म्हणून संघास त्यांचे वेतन बंद करता येत नव्हते. त्यांची भाकर त्यांच्या शेतात उगवत होती. उपदेशकाने शुभवर्तमानावर उपजीविका करावी हे शास्त्रसंमत आहे (१ करिंथ ९:१४), आणि मीही तसाच जगतो. परंतु ज्याचे हात मातीचे आहेत त्याची जीभ मोकळी राहू शकते, हेही खरे आहे. आमच्या त्या वयोवृद्ध बंधूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे सापडले.

६. घराणे

कॅथरीनबाई व जेम्स यांस सहा पुत्र व दोन कन्या वाढवावयास मिळाल्या : रॉबर्ट, जोसेफ, जेम्स, विल्यम, जोसाया, मोझेस, तसेच नॅन्सी व कॅथरीन. त्या पुत्रांपैकी जोसेफ, जेम्स, जोसाया व मोझेस हे चौघे बाप्टिस्ट उपदेशक झाले; आणि बापाप्रमाणेच शेतीही करीत राहिले. बापाने उपदेश केला म्हणून मुले उपदेशक होतातच असे नाही. आपल्यापैकी पुष्कळ पाळकांचा अनुभव उलट आहे. परंतु या मुलांनी बापास व्यासपीठावर पाहण्यापूर्वी वीस वर्षे नांगरामागे पाहिले होते. त्यांनी घरात एक व मंडळीत दुसरा असा बाप पाहिला नाही.

इलिनॉय स्वतंत्र राज्य झाले तेव्हा, सन १८१८ साली, त्याची घटना तयार करणाऱ्या सभेत धाकटे जेम्स लेमेन हे सेंट क्लेअर परगण्याचे एक प्रतिनिधी होते. त्या घटनेने पुढे नवी गुलामगिरी आणण्यास बंदी केली. परंतु जुने गुलाम व करारात अडकलेली माणसे तशीच राहिली. विजय झाला, पण अपुरा.

ता. ८ जानेवारी १८२३ रोजी न्यू डिझाइन येथे वडील जेम्स लेमेन प्रभूमध्ये निजले. त्या वेळी लढा संपलेला नव्हता. त्याच वर्षी राज्याची घटना बदलून गुलामगिरीस वाट करून द्यावी अशी चळवळ जोराने सुरू झाली. गव्हर्नर एडवर्ड कोल्स यांनी तीस विरोध केला. जॉन मेसन पेक नावाचे बाप्टिस्ट मिशनरी सन १८२२ पासून त्याच परगण्यात रॉक स्प्रिंग येथे शेती करून राहत होते. त्यांनी गावोगाव फिरून लोकांस जागे केले. लेमेन यांचे पुत्र याच पक्षाचे होते. ता. २ ऑगस्ट १८२४ रोजी मते घेतली गेली. नव्या घटनासभेच्या बाजूने ४,९७२ व विरुद्ध ६,६४० मते पडली. शेतकऱ्यांच्या त्या राज्यात गुलामगिरीचे दार १,६६८ मतांनी बंद राहिले.

करारात व जुन्या गुलामीत अडकलेल्यांची पूर्ण सुटका होण्यास मात्र आणखी वीस वर्षांहून अधिक काळ लागला. सन १८४५ चा वरिष्ठ न्यायालयाचा निकाल व सन १८४८ ची नवी घटना यांनी ते काम पुरे केले. तरीही सन १८५३ साली त्याच राज्याने मुक्त काळ्या लोकांस तेथे येऊन राहण्याची मनाई करणारा कायदा केला. बेडी तोडणे एक, आणि शेजारी म्हणून अंगणात बसवून घेणे दुसरे. दुसरे काम पहिल्याहून अवघड असते.

कॅथरीनबाई पतीमागे बरीच वर्षे जगल्या. त्यांचे देहावसान सन १८४० साली झाले. त्यांनी दिलेला एकही उपदेश कोठे लिहून ठेवलेला नाही. परंतु बुडालेल्या नावेतून त्या निघाल्या, बर्फाच्या पाण्यात उतरल्या, आठ लेकरे वाढविली, आणि ज्या घरातून चार उपदेशक निघाले त्या घराची चूल त्यांनी राखली. आमच्या मंडळ्यांतील मातांनी हे चरित्र आपले समजावे.

लेमेन यांच्याविषयी एक कथा फार पसरली आहे ती अशी की, गुलामगिरीस आळा घालण्यासाठी खुद्द टॉमस जेफर्सन यांनी त्यांस गुप्तपणे इलिनॉयास पाठविले होते. ज्या कागदांच्या आधारावर ही कथा सन १९१५ साली छापली गेली, ते कागद इतिहासशोधकांस विश्वसनीय वाटत नाहीत. म्हणून ती येथे आधारास घेतली नाही. तशी गरजही नाही. थोर माणसाने पाठविले म्हणूनच शेतकरी सत्यासाठी उभा राहील, असे समजणे हाच मुळी शेतकऱ्याचा अपमान आहे.

७. बोध

पहिला बोध असा की, मंडळीचा आरंभ घरात होतो. इमारत, घंटा व पगारी सेवक हे सर्व पुढे येते. आधी नवरा-बायको एका ओढ्यात उतरतात.

दुसरा बोध असा की, हातांचे काम उपदेशास कमीपणा आणीत नाही. पौलानेही आपल्या हातांनी आपल्या गरजा भागविल्या. लोक उपदेशकाच्या हातांचा वास घेत नाहीत. त्याच्या शब्दास त्याच्या जगण्याचा वास येतो की नाही, हे ते पाहतात.

तिसरा बोध सर्वांत कठीण आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी कोण बसतो एवढेच पाहून भागत नाही. मेजावरून उठल्यावर तो घरी जाऊन कोणाशी कसा वागतो, हे मंडळीने विचारले पाहिजे. बंधूंनो, ज्याच्या शेतावर सालगडी राबतो त्याने वर्षाअखेरीचा हिशेब कसा केला? मंडळीत एका चटईवर बसणारे आपण सोयरीक जुळविताना जुन्या जातीचा ताळा पुन्हा का पाहतो? हे प्रश्न काढले तर मंडळीत कुरकुर होईल, हे मला ठाऊक आहे. सन १८०९ मध्येही झाली होती.

पुढच्या सभेत ते वयोवृद्ध बंधू भेटतील तेव्हा मी त्यांस एवढेच सांगेन : "काका, आपल्या हातांस मातीचा वास आहे, तो असू द्या. त्या हातांनी कोणाच्या पायातील बेडी धरून ठेवलेली नाही ना, एवढे पाहा. मग निःशंक उभे राहून बोला."

मननार्थ प्रश्न

१. न्यू डिझाइनचे लोक प्रथम प्रार्थना का करीत नसत? आपण ज्या प्रार्थना करतो त्यांतील किती मनापासून असतात?

२. कायद्याने मना केलेली गुलामगिरी इलिनॉयमध्ये कोणत्या मार्गाने चालू राहिली? आपल्या गावात 'राजीखुशी'च्या नावाखाली कोणावर अन्याय होतो काय?

३. लेमेन यांचे मंडळीतून बाहेर पडणे आणि रुसून वेगळे होणे यांत भेद कोणता? फिलेमोनास पत्र वाचून उत्तर द्या.

४. आपल्या मुलांनी आपणांस शेतात, बाजारात व मंडळीत पाहिले तर त्यांस एकच माणूस दिसतो काय? हा प्रश्न सभेत विचारू नये. घरी एकांतात देवापुढे विचारावा.